२००६ चा रोझ बोल सामना आणि चौथ्या डाउनचा तो निर्णय

आदरणीय काका आणि मंडळाचे सर्व सभासद,
सप्रेम नमस्कार.

शनिवारी मंडळाच्या सभागृहात ४ जानेवारी २००६ रोजी पॅसाडीनाच्या रोझ बोल मैदानावर झालेला, अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलच्या राष्ट्रीय विजेतेपदाचा यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) विरुद्ध टेक्सास विद्यापीठ हा सामना आपण सर्वांनी मिळून पाहिला. त्यानंतर चहाच्या वेळी निघालेला विषय अर्धवटच राहिला, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझा प्रश्न एकाच निर्णयाबद्दल आहे. यूएससीकडे ३८-३३ अशी आघाडी होती, घड्याळात जेमतेम सव्वादोन मिनिटे उरली होती, चेंडू टेक्सासच्या ४५ यार्डांच्या रेषेवर होता आणि चौथ्या डाउनवर, म्हणजे दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी शेवटच्या प्रयत्नात, दोन यार्ड हवे होते. अशा वेळी पंट करून, म्हणजे चेंडू लाथेने दूर मारून, टेक्सासला मागे ढकलण्याऐवजी यूएससीचे प्रशिक्षक पीट कॅरोल यांनी लेनडेल व्हाइटच्या हाती चेंडू दिला. तो एका यार्डाने कमी पडला आणि टेक्सासला आपल्या ४४ यार्डांच्या रेषेवर चेंडू मिळाला. तिथून ५६ यार्ड पार करून टचडाउन करायला (चेंडू गोलरेषेपार न्यायला) त्यांना १ मिनिट ५० सेकंद लागली, आणि तेव्हा घड्याळात फक्त १९ सेकंद शिल्लक होती. पंट केला असता तर त्यांना निदान ८० यार्ड तोडावे लागले असते, आणि त्या गतीने वेळ पुरलाच नसता. सलग ३४ सामने जिंकलेल्या संघाने हाती आलेले विजेतेपद असे पणाला का लावावे, हे मला पटत नाही. आपण तो सामना त्या वेळीही पाहिला होता, म्हणून आपले मत जाणून घ्यायला आवडेल.

आपली नम्र,
यूएससीची विद्यार्थिनी

*

बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझा वेळेचा हिशेब नीट मांडलेला आहे, पण तो एका गृहीतकावर उभा आहे, ते म्हणजे यार्ड वाढले की वेळ त्याच प्रमाणात वाढतो. त्या वेळच्या महाविद्यालयीन नियमांत पहिला डाउन मिळाला, म्हणजे दहा यार्ड पूर्ण होऊन नवे चार प्रयत्न मिळाले, की अंतर मोजायची साखळी हलेपर्यंत घड्याळ थांबत असे, पास अपुरा राहिला किंवा खेळाडू रेषेबाहेर गेला तरी थांबत असे. आणि पल्ला लांब असेल तर संघ आखूड पासांऐवजी लांब पास फेकतो. त्यामुळे ५६ च्या वरचे चोवीस यार्ड टेक्सासला घड्याळाने अडवतील, असे म्हणता येत नाही. ते अडवायचे काम यूएससीच्या बचावफळीलाच करावे लागले असते.

खरा प्रश्न इथेच आहे. पंट हा संघ आपल्या बचावावर विश्वास टाकून करतो. त्या रात्री टेक्सासचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) व्हिन्स यंग याच्यासमोर यूएससीच्या बचावावर विश्वास टाकण्यासारखे काय उरले होते, याचा विचार कर. सामना संपायला ६ मिनिटे ४२ सेकंद असताना यूएससी ३८-२६ अशी बारा गुणांनी पुढे होती. पुढच्या २ मिनिटे ३९ सेकंदांत यंगने संघाला पार पलीकडे नेले आणि स्वतः १७ यार्ड धावत जाऊन टचडाउन केला. त्या एका सामन्यात त्याने पासने २६७ आणि धावून २०० यार्ड मिळवले. पास फेकायला थांबला तर जागा दिसेपर्यंत थांबायचा, आणि जागा दिसली नाही तर कडेने निसटायचा. बचावपटू त्याच्यापर्यंत पोचेपोचेतो तो तिथून गेलेला असायचा.

उलट यूएससीचे आक्रमण त्या रात्री जवळजवळ थोपवताच येत नव्हते. त्यांनी एकूण ५७४ यार्ड मिळवले. व्हाइटने २० वेळा चेंडू घेऊन १२४ यार्ड काढले होते, आणि तिसऱ्या सत्रात चौथ्या डाउनवर एक यार्ड हवा असताना तोच १२ यार्ड धावून टचडाउन करून आला होता. असा खेळाडू दोन यार्ड काढील, की आपला बचाव यंगला दोन मिनिटे रोखील, यांपैकी एकावर डाव लावायचा तर मी विनासंकोच व्हाइटवर लावीन. निर्णय घेताना जे ठाऊक होते त्यावरूनच तो तोलला पाहिजे, आणि त्या कसोटीवर कॅरोल यांचा निर्णय योग्य होता असे माझे ठाम मत आहे.

मला आजही खटकते ती गोष्ट वेगळी आहे. त्याच महिन्याभरात सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूचे हाइझमन पारितोषिक स्वीकारलेला, चौथ्या सत्रात २६ यार्ड धावून टचडाउन केलेला रेजी बुश त्या डाउनला मैदानाबाहेर उभा होता. चेंडू त्याला द्यायचा नव्हता, हे समजू शकते. पण तो नुसता एका बाजूला उभा असता तरी टेक्सासच्या एखाद्या बचावपटूला त्याच्यावर नजर ठेवावी लागली असती. तो नसल्यामुळे चेंडू कोणाकडे आणि साधारण कुठून जाणार हे समोरच्यांना आधीच कळले, आणि त्यांचे सगळे बळ मध्यभागी एकवटले. दोष द्यायचाच असेल तर तो धाडसाला नको, धाडस करताना आपला सर्वांत मोठा धाक बाजूला ठेवला त्याला द्यावा.

तुझा,
काका

*

काका, नमस्कार.

माझे शिक्षण ऑस्टिनला झाल्यामुळे मी टेक्सासच्या बाजूची आहे, हे आपण जाणताच. तरीही दोन गोष्टी इथे नोंदवाव्याशा वाटतात, आणि त्यांतली एक आमच्या संघाला सोयीची नाही.

दुसऱ्या सत्रात व्हिन्स यंगने आपल्याच संघातल्या सेल्विन यंगकडे चेंडू मागे फेकला आणि त्याने १२ यार्ड धावत टचडाउन केला. तो चेंडू हातातून सुटण्यापूर्वी व्हिन्स यंगचा गुडघा जमिनीला टेकला होता, हे चित्रफितीत स्पष्ट दिसते. पंचांनी तो टचडाउन मान्य केला आणि पुनरावलोकन झाले नाही. टचडाउननंतर लाथेने मिळवायचा जादा गुण हुकला खरा, परंतु ते सहा गुण टेक्सासच्या खात्यावर राहिले, आणि सामना संपला तो ४१-३८ असा, म्हणजे तीनच गुणांनी.

दुसरी गोष्ट शेवटच्या चढाईतली. तिसऱ्या डाउनवर १२ यार्ड हवे होते, आणि क्वॉन कॉस्बीला मिळालेल्या पासने सातच यार्ड आले. पण त्याला पाडताना यूएससीच्या बचावपटूने त्याच्या हेल्मेटची जाळी धरली, त्याचा दंड पाच यार्डांचा झाला आणि बरोबर बारा भरले. तो हात जाळीवर पडला नसता तर टेक्सासला तिथेच चौथ्या डाउनवर पाच यार्ड काढावे लागले असते. काकांच्या म्हणण्याला यामुळे बळच मिळते, कारण दमलेला बचाव नेमक्या अशाच चुका करतो, मग त्याच्या पाठीशी ५६ यार्ड असोत वा ८०.

काकांना एकच विनंती आहे. टेक्सासच्या बचावफळीतल्या मायकेल हफ आणि त्याच्या साथीदारांनी व्हाइटला एका यार्डाने अडवले, ते केवळ बुश नव्हता म्हणून, असे कृपया लिहू नये. सबंध रात्र मार खाल्लेल्या त्या फळीने हवा तेव्हा एक डाउन जिंकला, त्याचे श्रेय तिला मिळायला हवे.

सस्नेह,
ऑस्टिनची ताई

*

काका आणि ताई, दोघांचेही मनापासून आभार.

बुशबद्दल काकांचे म्हणणे मला पूर्णपणे पटले, आणि जाळीचा तो प्रसंग ताईंच्या पत्रानंतर मी पुन्हा लावून पाहिला. पंटच्या बाबतीत मात्र माझे मत कायम आहे. टॉम मलोनसारखा पंटर हाताशी असताना टेक्सासला दहा यार्डांच्या आत कोंडण्याची संधी होती, आणि पाठीमागे आपलीच गोलरेषा असताना यंगलाही इतक्या मोकळेपणाने पास फेकता आले नसते. मी ८० यार्ड म्हटल्यामुळे काकांनी पंटनंतरचा हिशेब वीस यार्डांच्या रेषेपासून मांडला आहे. तोच आठ यार्डांपासून मांडला तर त्यांचे उत्तर हेच राहील का, तेवढे त्यांनी सवडीने कळवावे.

आपली नम्र,
यूएससीची विद्यार्थिनी