मदत हवी आहे: हॅमॉकमध्ये पाठीला लागणाऱ्या थंडीवर अंडरक्विल्ट शिवून घ्यावे की फोमच्या मॅटवर भागेल?

नमस्कार. आमचा एक लहान गट हिवाळ्यात भंडारदरा परिसरात, बहुधा रतनवाडीच्या बाजूला, ओळखीच्या शेतमालकाच्या परवानगीने त्याच्या बांधावरच्या झाडांना हॅमॉक, म्हणजे झोपायच्या कापडी झोळ्या, टांगून मुक्काम करतो. दिवाळीच्या आसपास काहीच अडचण येत नाही. परंतु जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरला आणि जलाशयावरून वारा सुटला, की झोप अशक्य होते. विचित्र गोष्ट अशी, की छाती आणि पोट उबदार असतात, क्वचित घामही येतो. मात्र खांद्यांपासून ढुंगणापर्यंतची सगळी पाठ गारठून जाते आणि कूस बदलली की थंडी त्या बाजूला सरकते.

माझ्याकडे कृत्रिम तंतूंची स्लीपिंग बॅग असून तिच्यावर ५ अंश ‘कम्फर्ट’ असे छापलेले आहे. हॅमॉक पॅराशूटच्या कापडाचा, एकपदरी आहे. आत थर्मलचा जोड, लोकरी मोजे आणि कानटोपी असतेच. अंगाच्या भाराने बॅगेचा खालचा भाग चेपला जातो, त्यातली हवा निघून जाते आणि खालून वाहणारा वारा थेट पाठीची ऊब ओढून नेतो, एवढे कारण माझ्या लक्षात आले आहे. म्हणूनच आणखी जाड बॅग घेण्यात मला अर्थ दिसत नाही. तीही पाठीखाली तशीच चेपली जाणार.

बाहेरच्या देशांत यावर अंडरक्विल्ट वापरतात, म्हणजे हॅमॉकच्या बाहेरून, खालच्या अंगाला टांगलेली दुलई, जी अंगाखाली दबत नाही. ती मागवायची तर जकातीसह किंमत माझ्या हॅमॉकच्या कितीतरी पट होते. त्यामुळे आमच्या गल्लीतल्या गादीवाल्याकडून ती बनवून घ्यावी, असे मनात आहे. त्याने कापूस सुचवला. पण दवाच्या रात्री कापूस ओल धरतो आणि पाठीवर वाहायलाही जड, म्हणून मी नको म्हटले. पॉलिस्टर फायबर भरायचे झाल्यास ते किती असावे, शिलाई कशी असावी आणि टांगताना काय सांभाळावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. फोमच्या मॅटवर काम भागत असेल तर हा खटाटोप मी करणारही नाही.

प्रतिसाद १

आपले निदान अचूक आहे. त्यात एक भर घालतो. स्लीपिंग बॅगेवरचे तापमान ज्या चाचणीने ठरते, तीत गरम केलेला पुतळा बॅगेत घालून मॅटवर झोपवलेला असतो. म्हणजे छापलेल्या ५ अंशांत मॅटचाही वाटा असतो. मॅट नसलेल्या हॅमॉकमध्ये त्या आकड्यावर विसंबता येत नाही.

अंडरक्विल्टसाठी सुटे पिंजलेले फायबर भरू नका. ते दोन मुक्कामांत एका टोकाला गोळा होते. अखंड चादरीसारखे मिळणारे वॅडिंग घ्या. आपल्या हवेसाठी २०० जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचे) दोन थर मला पुरेसे वाटतात. गादीवाल्याला मात्र एक गोष्ट बजावून सांगा: गोधडीवर घालतात तसे धावदोरे मधोमध घालायचे नाहीत. प्रत्येक टाक्यापाशी थर चेपतो आणि नेमकी तिथेच रेघेरेघेने थंडी शिरते. शिलाई फक्त कडेने करावी, अभ्रा रिपस्टॉप नायलॉनचा (फाटत न जाणाऱ्या चौकटीदार विणीचा) असावा, आणि लांबी खांद्यांपासून पोटऱ्यांपर्यंत पुरते. पावलांखाली फोमचा तुकडा चालतो.

दोन्ही टोकांना नाडीची नेफापट्टी करून ती आवळता येतील, असे पाहा. टोके उघडी राहिली तर त्यातून वारा आरपार जातो आणि सगळी मेहनत फुकट. टांगण्यासाठी इलॅस्टिकची दोरी वापरा. मग आपण आत तिरके झोपा आणि सोबत्याला हॅमॉक व अंडरक्विल्ट यांच्यामध्ये हात घालायला सांगा. हाताला दोन्हीकडून कापड लागले पाहिजे. पोकळी जाणवली तर दोरी आखडा, हात घट्ट अडकला तर सैल करा, कारण ताणून चेपलेली दुलई ऊब धरत नाही. माझ्या मते निम्मे यश या जुळवणीत आहे.

फोमच्या मॅटवरही भागते, पण कुरबुरीसह. मॅट रात्री सरकते, तिच्यावर घाम साचून पाठ दमट होते, आणि साधारण ५० सेंटीमीटर रुंदीची असल्याने दंड व खांदे तिच्याबाहेर हॅमॉकच्या कापडाला टेकतात. खांद्यांपाशी फोमचा दुसरा तुकडा आडवा जोडल्यास ती उणीव बरीच भरून निघते.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. जागेकडेही लक्ष द्यावे. निरभ्र, निवांत रात्री गार हवा उतारावरून घरंगळत पाण्याच्या काठाशी साचते. काठ सोडून थोडे वर, झाडीच्या आडोशाला टांगल्यास फरक जाणवतो. ताडपत्री वाऱ्याच्या बाजूने अगदी खाली, जमिनीलगत बांधावी. झोपण्यापूर्वी पोटभर जेवावे, आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घालून मांड्यांमध्ये ठेवावी. तोंड मात्र बॅगेबाहेर ठेवावे. श्वासाच्या वाफेने आतले फायबर ओलावते. चारही बाजूंनी बंद केलेल्या ताडपत्रीखाली कोळशाची शेगडी कोणी सुचवली तर ऐकू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि नायलॉन ठिणगीने वितळते ते निराळेच.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. पुढच्या मुक्कामाला दिवस थोडे उरले असल्याने तूर्त फोमची मॅट आणि खांद्यांचा आडवा तुकडा घेऊन जातो. अंडरक्विल्टचे माप मात्र याच आठवड्यात गादीवाल्याकडे टाकतो. एक शंका राहिली: हॅमॉक एकपदरी असल्याने मॅट दोन पदरांमध्ये सरकवण्याची सोय नाही. ती स्लीपिंग बॅगेच्या आत घातली तर सरकणे थांबते का, की आतली जागा आवळून वरचे फायबरच चेपले जाते?