कलाकेंद्राचा ‘सर्वसमावेशक’ कार्यक्रम: वेगळा वर्ग हवा की एकच?

पामबीच_पायी (धागाकर्ती):
आमच्या नेरूळच्या एका कलाकेंद्राचं नवं वेळापत्रक लागलंय. तबला, भरतनाट्यम, चित्रकला, नाट्यवर्ग नेहमीसारखे संध्याकाळी, पहिल्या मजल्यावर. दिव्यांग मुलांसाठी ‘विशेष वर्ग’ शनिवारी दुपारी दोनला, तळमजल्यावर, कारण लिफ्ट नाही. आणि पत्रकावर ठळक अक्षरांत ‘सर्वसमावेशक’!
माझ्या मते हे समावेशन नव्हे, वेगळी पंगत आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २९ सांस्कृतिक जीवनाबद्दलच आहे. कलाविषयांचे अभ्यासक्रम सगळ्यांना घेता येतील असे नव्याने आखा, असं ते सरकारला आणि स्थानिक संस्थांना सांगतं. केंद्र न्यासाचं असलं तरी जागा सार्वजनिक आहे. ऑफिस वर न्या, वर्ग खाली आणा, सगळ्यांना एकत्र शिकवा. इतकं अवघड आहे का?

शनिवारची_आई:
हो, अवघड आहे. माझा मुलगा स्वमग्न आहे, अकरा वर्षांचा. त्याला ‘सगळ्यांबरोबर’ घालून पाहिलंय. खोलीत पंचवीस मुलं, बाजूला पेटी, वर खडखडणारा पंखा. तो कानांवर हात ठेवून भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि बाकीचे पालक माझ्याकडे बघायचे. शनिवारी सहाच मुलं असतात. तिथे तो तासभर मातीत रमतो, मध्येच उठून फेऱ्या मारतो, कुणी टोकत नाही. हा वर्ग मिळवायला आम्ही पालकांनी कितीतरी अर्ज केलेत. तुमचं तत्त्व सिद्ध करायला माझा मुलगा वापरू नका, ताई.

ठेका_आणि_ठिय्या:
शिक्षक म्हणून सांगतो, राग मानू नका. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांना गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा द्यायची असते. प्रारंभिक, मग प्रवेशिका. पोर्शन ठरलेला, वेळ ठरलेली. एका मुलासाठी तबल्यावरचा एकच कायदा (बोलांची ठरावीक रचना) पुन्हा पुन्हा वाजवत बसलो, तर बाकीचे पालक दुसऱ्या दिवशी दारात. दोन वर्गच बरे.

वाशी_लोकल:
@ठेका_आणि_ठिय्या सर, ज्या मंडळाची परीक्षा म्हणता (वास्तू इथेच वाशीत आहे), त्यामागची परंपरा विष्णु दिगंबर पलुसकरांची. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, शाळा पुढे जमेना, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकायला धाडलं त्यांना. बुवा पोर्शन मोजत बसले असते तर?
परीक्षेचा वर्ग वेगळा ठेवा की. पण केंद्रात येणारा प्रत्येक जण परीक्षेलाच येतो, हे कुणी ठरवलं?

ठेका_आणि_ठिय्या:
बुवांकडे गुरुकुल होतं हो, पंचेचाळीस मिनिटांची बॅच नव्हती.

हातांची_भाषा:
मी कर्णबधिर आहे. इथे सगळे ‘दिव्यांग मुलं’ म्हणताहेत, जणू एकच गट. कायद्यात २१ प्रकार आहेत. वरच्या ताईंच्या मुलाला शांत खोली हवी. मला आवाजाचा त्रासच नाही. मला शिकवणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड हवा, पाठ फिरवून बोलू नये, आणि खुणांची भाषा जाणणारा दुभाषी हवा. लाकडी फळ्यांवर पायांतून ठेका कळतो, म्हणून मला वरचा नृत्याचा हॉलच बरा. शनिवारच्या खोलीत सिमेंटची लादी आहे. म्हणजे माझ्या सोयीची खोली वर आणि माझं नाव तळमजल्यावर.
वार्षिक कार्यक्रम विष्णुदास भावे नाट्यगृहात होतो. दुभाषी मिळाला तरी त्याला अंधारात उभं करतात. एक दिवा त्याच्यावर टाका, म्हणून आधीच सांगावं लागतं.

हिशेबनीस:
दुभाषी, लिफ्ट, जादा मदतनीस. पैसे कोण देणार? फी वाढवली तर हेच लोक ओरडतील.

गावठाणातला:
फीचा विषय निघालाच, तर बोलतो. दिव्यांग मुलांचं बोलताय ते बरोबरच आहे, पण आमच्या गावठाणातली आणि तुर्भ्याच्या वस्तीतली किती पोरं आहेत त्या केंद्रात? फॉर्म इंग्रजीत, फी तिमाहीची एकदम. आमच्या आजीला लग्नातले धवले तोंडपाठ आहेत. तिला कुणी शिकवायला बोलावलं नाही. ‘लोककला सप्ताहा’त स्टेजवर नाचायला मात्र आगरी-कोळी पोरं हवीत.
ठाण्यात रत्नाकर मतकरींनी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला, तिथे वस्तीतली मुलं आपल्याच जगण्यातले विषय घेऊन नाटिका बसवायची. इथे वेळापत्रक समिती छापते आणि मग विचारते, येता का?

पामबीच_पायी:
@गावठाणातला, हे पटलं. @शनिवारची_आई, शनिवार बंद करा असं मी म्हणत नाही. तो राहू दे, पण ज्याला हवा त्याच्यासाठी. प्रवेशाच्या वेळी प्रमाणपत्र बघून तिकडे ढकलू नका. इतर वर्गांचं दार उघडं ठेवा, आणि वेळापत्रक छापण्याआधी पालकांना, या कर्णबधिर मित्राला, धवले गाणाऱ्या आजींना समितीत बसवा. हिशेबनीस, ऑफिस वर हलवायला फार तर एका टेंपोचं भाडं लागेल.

हिशेबनीस:
टेंपोचं भाडं मी देतो. दुभाष्याचं बोला.

शनिवारची_आई:
दार उघडं ठेवलं की ‘मग शनिवार कशाला’ म्हणून तो बंद होतो. दुसरीकडे होताना पाहिलंय. शनिवार राहणार हे आधी लेखी द्या, मग तुमच्या अर्जावर माझी सही. आणि समितीत मी येईन, पण बैठक रात्री साडेआठला ठेवतात. तेव्हा मुलाला कुणाकडे ठेवू, तेही त्याच अर्जात लिहा.