मदत हवी: मुलींच्या चिअर रूटीनसाठी अडीच मिनिटांचं म्युझिक, लायसन्ससकट, परवडेल असं

मानकापूरची_आई | सोमवार, रात्री १०:५०
नमस्कार. घाईत लिहून राहिले, चूकभूल माफ करा. मुलीच्या टीमला अडीच मिनिटांचं म्युझिक पाहिजे. आतापर्यंत सर स्वतःच लॅपटॉपवर पाच-सहा गाणी कापून जोडून द्यायचे, कोणी काही विचारलं नाही. या वेळी फॉर्मसोबत लायसन्सचा कागद मागितला आहे. सरांनी बाहेरच्या एका वेबसाइटवर भाव काढला. तयार मिक्स २०० डॉलर. आपल्या काउंटवर, म्हणजे मुली एक ते आठ मोजून करतात त्यावर, बसवून पाहिजे असेल तर ७५०. गेल्या वर्षी त्याच वेबसाइटने तयार मिक्सचे १२० सांगितले होते, स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे.
वीस मुली आहेत. ड्रेस, बूट, कॅम्प सगळं देऊन झालं आहे. एका मुलीचे बाबा ऑटो चालवतात, त्यांना मी कोणत्या तोंडाने अजून तीन हजार मागू? शुक्रवारपर्यंत सांगायचं आहे. कोणी स्वस्तात केलं असेल तर सांगा. ज्यांना माहीत आहे त्यांनीच लिहा, प्लीज.

संत्रा_बर्फी | सोमवार, रात्री ११:०४
मला माहीत नाही, तरी लिहितो. चिअरलीडिंग म्हणजे जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमवर चौकार मारल्यावर नाचायच्या त्याच ना? त्यांना कोण लायसन्स विचारते?

मानकापूरची_आई | सोमवार, रात्री ११:०९
नाही. या मुली एकमेकींना खांद्याच्या वर उचलतात. क्रिकेटचा काही संबंध नाही.

एक्सेल_ताई | सोमवार, रात्री ११:३१
मदत करायची आहे, पण माहिती अर्धी आहे. टीम शाळेची की क्लबची? स्पर्धा कोणाची? प्रेक्षकांना तिकीट आहे का? यूट्यूबवर लाइव्ह जाणार का? आणि फॉर्ममध्ये नेमके शब्द काय आहेत, ते जसेच्या तसे टाका.

मानकापूरची_आई | सोमवार, रात्री ११:४०
क्लब आहे. स्पर्धा मोठी आहे. तिकिटाचं माहीत नाही. मी म्युझिकचं विचारलं होतं.

डीजे_वाठोडा | मंगळवार, रात्री १२:१५
ताई, कायले टेन्शन घेता? आपल्याकडे या. दीड हजारात मिक्स, वरून मुलींच्या नावाची एंट्री फ्री. अन् लायसन्सचं म्हणाल तर तीस सेकंदाच्या आत गाणं घेतलं की कॉपीराइट लागतच नाही. पाच गाण्यांचे तीस-तीस सेकंद, झाले अडीच मिनिट. सगळे असंच करून राहिले.

काळा_कोट | मंगळवार, सकाळी ८:२०
हा तीस सेकंदांचा नियम १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कुठे आहे, ते मला दाखवा. वीस वर्षं हायकोर्टात जाऊन राहिलो, मला सापडला नाही. कायद्यात सेकंद मोजून सूट नाही.
सूट आहे ती कलम ५२ मध्ये, आणि ती कामाची आहे. शाळा-कॉलेजच्या कार्यक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी सादर केलं आणि समोर विद्यार्थी, शिक्षक, पालक, संस्थेशी थेट संबंधित माणसं एवढेच असतील, तर रेकॉर्ड वाजवणं उल्लंघन ठरत नाही. नफ्यासाठी न चालणाऱ्या क्लबलाही स्वतःच्या कार्यक्रमात रेकॉर्ड वाजवायची सवलत आहे. पण ही सूट वाजवण्याची. पाच गाणी कापून त्यांची सहावी वस्तू बनवणं हे वेगळं प्रकरण. आणि ती यूट्यूबवर टाकणं तिसरं. म्हणून एक्सेल ताई विचारतात ते सांगा आधी.

डीजे_वाठोडा | मंगळवार, सकाळी ८:४५
वकीलसाहेब, मग लग्नात रोज रात्री काय वाजते? तिथं कोणी कागद मागते का?

काळा_कोट | मंगळवार, सकाळी ९:०२
हॉलवाल्यांना विचारा, मागतात की नाही ते. लग्नाचा विधी, वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना त्याच कलमात वेगळी सूट लिहिली आहे. त्यावरूनही भांडणं कोर्टात गेली आहेत. चिअरलीडिंग हा लग्नसमारंभ आहे असं तुम्ही म्हणणार असाल तर मी यायला तयार आहे, फी घेईन.

निवृत्त_पीटी_मास्तर | मंगळवार, सकाळी ९:४०
मुळात प्रश्नच चुकीचा आहे. आमच्या काळी शंभर मुलं मैदानावर लेझीम करायची, एका ढोलावर. ना डॉलर, ना लायसन्स. परदेशी खेळ घेतला की परदेशी बिल येणारच. आणि हे उचलाउचलीचे प्रकार मुलींसाठी धोक्याचे आहेत. सुरुवातही मुलांनीच केली, १८९८ साली मिनेसोटा विद्यापीठात. गाणंच पाहिजे असेल तर जुनी मराठी गाणी घ्या, साठ वर्षं झाली की ती मोकळी होतात.

काळा_कोट | मंगळवार, सकाळी १०:१५
मास्तर, अर्धं बरोबर. रेकॉर्डिंगला प्रकाशनापासून साठ वर्षं. पण चाल आणि शब्द यांचा हक्क ज्याने केले तो गेल्यानंतर पुढे साठ वर्षं चालतो. म्हणजे तबकडी मोकळी झाली तरी चाल अडकलेली असू शकते.

जर्सीकर_काका | मंगळवार, रात्री ८:३०
न्यू जर्सीहून. मूळचा रामदासपेठचा. माझी मुलगी सहा वर्षं ऑल-स्टार, म्हणजे क्लबांच्या स्पर्धांचं, चिअर करते आहे, त्यामुळे हे दुखणं माझ्या घरातलं. महाग का, ते सांगतो.
एका गाण्यात दोन हक्क असतात: चाल-शब्दांचा एक, रेकॉर्डिंगचा दुसरा. पूर्वी इथेही कोणीही कशीही गाणी कापायचं. रेकॉर्ड कंपन्यांनी कान धरल्यावर नियम आले. ज्याच्याकडे मूळ रेकॉर्डिंगचा परवाना नाही तो मिक्सवाला दुसऱ्या गायकाकडून तेच गाणं पुन्हा गाऊन घेतो. म्हणून इथल्या स्पर्धेत ओळखीचं गाणं अनोळखी आवाजात ऐकू येतं. त्या गायकाचे पैसे, स्टुडिओचे, चालीच्या मालकाचे, सगळे शेवटी पालकाच्या बिलात.
इथे नोंदणीच्या टेबलावर लायसन्सची छापील प्रत दाखवावी लागते. नसेल तर टीमला घरी पाठवत नाहीत, पण आयोजकांकडचा नुसता काउंटचा ट्रॅक लावतात, किंवा कोचने तोंडाने मोजायचं. मी एकदा पाहिलं आहे. पोरींनी एकही स्टंट पाडला नाही, पण सगळ्या हॉलला फक्त 'फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट' ऐकू येत होतं. मोठ्या स्पर्धांत दुसऱ्या टीमच्या म्युझिकवर लेखी हरकतही घेता येते, १०० डॉलरचा चेक जोडून, तोही सेंट ज्यूड या मुलांच्या हॉस्पिटलच्या नावाने. हरकत खरी निघाली तर चेक रद्द.
आणि मास्तर, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या खेळाच्या जागतिक संघटनेला २०१६ मध्ये तात्पुरती आणि २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिली आहे. लेझीमही सुंदरच, पण ते वेगळं.
ताई, मॅटचं काय केलं? खरा खर्च तिथे आहे. पूर्ण फ्लोअर ५४ बाय ४२ फूट, सहा-सहा फुटांच्या नऊ पट्ट्या.

मानकापूरची_आई | मंगळवार, रात्री ९:१२
मॅटचं विचारलं नव्हतं काका. पण सांगते. बिछायत केंद्रातून लग्नातल्या गाद्या भाड्याने आणतो आणि सरांच्या गच्चीवर टाकतो. उड्या मारल्या की गाद्या सरकतात, मग दोन गाद्यांच्या मधल्या फटीवर आम्ही आया पाय ठेवून उभ्या राहतो. माझी मुलगी बॅकस्पॉट आहे, म्हणजे मागे उभी राहून वरच्या मुलीचे घोटे धरते. वरची मुलगी पाचव्या काउंटवर वर जाते, सातव्यावर हात उघडते. तिथे म्युझिकमध्ये 'धप्प' पाहिजे. तयार मिक्समध्ये तो धप्प तिसऱ्यावर येतो, मग मुली लवकर उचलतात. म्हणून ७५० वालं पाहिजे. आता कळलं का?

संत्रा_बर्फी | मंगळवार, रात्री ९:२०
बाप्पा! जामठ्याचं मागे घेतो. काका, तिकडे पालक भांडत नाहीत का या भावावरून?

जर्सीकर_काका | मंगळवार, रात्री ९:४५
भांडले ना. इथल्या सर्वात मोठ्या स्पर्धा-कंपनीवर मक्तेदारीचे दावे लागले. एक २०२३ मध्ये ४ कोटी ३५ लाख डॉलरवर मिटला, दुसरा २०२४ मध्ये ८ कोटी २५ लाखांवर. माझी फी मात्र त्यानंतरही वाढलीच.

कोडवाला_मनीषनगर | मंगळवार, रात्री १०:०५
एवढी चर्चा कशाला? एआयवर टाका, दोन मिनिटांत म्युझिक, फुकट.

एक्सेल_ताई | मंगळवार, रात्री १०:१८
फुकट खात्यावर बनवलेलं कुठे वाजवता येतं हे त्यांच्या अटींत वाचलं का? आणि कागदावर मालक म्हणून कोणाचं नाव लिहायचं, तुमचं? ताई, फॉर्ममधले शब्द. दुसऱ्यांदा विचारते आहे.

मानकापूरची_आई | बुधवार, सकाळी ७:५५
बरं, सरांकडून फॉर्म घेतला. मराठीत सांगते: 'प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या परवान्याचा पुरावा नोंदणीच्या वेळी द्यावा. मूळ संगीत असल्यास संगीतकाराचं लेखी पत्र. स्पर्धेचं थेट प्रक्षेपण होईल. पुरावा नसल्यास टीमला काउंटवर सादर करावं लागेल.' बँकॉकचे लोक आहेत, त्यांना मेल केली की दोन दिवसांनी उत्तर येतं.

काळा_कोट | बुधवार, सकाळी ८:१०
बँकॉकचे लोक म्हणजे? स्पर्धा कुठे आहे?

मानकापूरची_आई | बुधवार, सकाळी ८:१३
बँकॉकला. लिहिलं नव्हतं का?

काळा_कोट | बुधवार, सकाळी ८:३०
नाही. मी काल सकाळी कोर्टात जायचं सोडून कलम ५२ लिहीत बसलो होतो. ते सगळं आता बाजूला ठेवा, आपली सूट तिथे उपयोगाची नाही. तिथे आयोजकाची अट पाळायची, बस. पण त्या अटीतलं दुसरं वाक्य वाचा. मूळ संगीत चालतं आहे.

पेटीवाला_धरमपेठ | बुधवार, दुपारी २:००
मी पेटी आणि कीबोर्डचे क्लास घेतो. सकाळपासून वाचतो आहे, कोणी लयीचं बोलतच नाही. तुमच्या सरांकडे आठ-आठ काउंटचा तक्ता असेल, तो पाठवा. १४४ ची लय धरली तर अडीच मिनिटांत ३६० ठोके, म्हणजे बरोबर ४५ आठ. प्रत्येक आठात काय घडतं ते लिहिलेलं असलं की 'धप्प' सातव्यावर ठेवणं अवघड नाही. लोकांना ओळखीचं गाणं ऐकू येणार नाही एवढंच. सहा हजार घेईन, बदल तीन वेळा करून देईन, चौथ्याला नाही.
मास्तर म्हणतात ती लेझीम मधल्या वीस सेकंदांत घालता येईल. लय दुप्पट वाटेल अशी. मला ती कल्पना आवडली, बाकीचं भाषण नाही.

डीजे_वाठोडा | बुधवार, दुपारी २:२५
सहा हजार? मी दीडमध्ये सांगितलं होतं.

पेटीवाला_धरमपेठ | बुधवार, दुपारी २:४०
भाऊ, तुमच्या दीडमध्ये पाच जणांची गाणी आहेत. माझ्या सहामध्ये माझं एकट्याचं. कीबोर्डमधले तयार तुकडेही वापरणार नाही, त्यांच्याही अटी असतात.

डीजे_वाठोडा | बुधवार, दुपारी ३:१०
ठीक आहे राजेहो, वाद नाही. पण एक ऐका, कीबोर्डचा धप्प हॉलमध्ये ऐकू येत नाही, पन्नास लग्नांचा अनुभव आहे. पोट्ट्यांना गच्चीवर एकत्र पाय आपटायला लावा अन् ते रेकॉर्ड करा. ओरडणंही त्यांचंच घ्या. मोबाइलवर नका घेऊ, माझ्याकडे माइक आहे, घेऊन येतो. पैसे नको. गाद्या काढून घ्या फक्त, नाहीतर आवाज दबते.

काळा_कोट | बुधवार, सायंकाळी ६:५०
हे बरं सुचवलं. आता कागद. नीट वाचा, इथेच लोक चुकतात. हक्क लेखी द्यावे लागतात, देणाऱ्याची सही पाहिजे. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे पेटीवाल्यांनी चांगल्या मनाने 'हे संगीत मी टीमला दिलं' एवढंच लिहून दिलं, तर मुली बँकॉकला पोचतील आणि कागद विमानतळावरच राहील. 'सर्व देशांत' लिहा, मुदत लिहा, थेट प्रक्षेपण आणि यूट्यूब लिहा, किती रुपये दिले तेही लिहा. डीजेंनी रेकॉर्ड केलं तर त्यांचीही सही घ्या. मसुदा मी करून देतो. फी नको, पण पुढच्या वेळी गावाचं नाव पहिल्या ओळीत लिहा.

निवृत्त_पीटी_मास्तर | बुधवार, रात्री ८:००
लेझीम घालणार असाल तर पायांची चाल मी शिकवीन. गच्ची कितव्या मजल्यावर आहे? गुडघे दुखतात.

मानकापूरची_आई | शुक्रवार, रात्री १०:२०
सगळ्यांना एकत्रच लिहिते. प्रत्येकीचे तीनशे आले, ऑटोवाल्या दादांनी पहिले दिले. पेटीवाले सरांनी पहिल्या एका मिनिटाचं पाठवलं. धप्प सातव्यावर आहे, पण दुसऱ्यांदा बदलायला सांगितलं आहे कारण सुरुवातीला मुलींना मॅटवर धावत यायला वेळ कमी पडतो. डीजे दादा माइक घेऊन आले होते. खालच्या काकूंनी तक्रार केली, मग त्याही वर येऊन पाय आपटून गेल्या. बँकॉकहून उत्तर आलं, पत्र इंग्रजीत पाहिजे. वकीलसाहेब, तुमचा मसुदा मराठीत आहे.

काळा_कोट | शुक्रवार, रात्री १०:४१
इंग्रजीत पाहिजे हे आज सांगताय.

नवा_सभासद_त्रिमूर्तीनगर | शनिवार, सकाळी ११:०५
धागा पूर्ण वाचला नाही. पंधरा ऑगस्टला आमच्या सोसायटीत या मुलींचा कार्यक्रम ठेवता येईल का, किती घेतील? म्युझिकचं टेन्शन नाही, आमच्याकडे डीजे आहे.