दोन बॉक्समधल्या वीतभर पाइपला सॅडल हवी की नको?

भोसरी_वायरिंग

शेडमधल्या भिंतीवर डीबी (वीज वाटणारा डिस्ट्रिब्युशन बोर्ड), शेजारी आयसोलेटर (वीज तोडायचा स्विच), आणि दोघांना जोडणारा 25 मिमी स्टील पाइपचा 250 ते 450 मिमी तुकडा. भोसरीपासून चाकणपर्यंत कुठल्याही कारखान्यात ही जोडणी दिसेल आणि दहापैकी बहुतेक ठिकाणी त्या तुकड्याला सॅडल, म्हणजे पाइप भिंतीशी धरून ठेवणारी पट्टी, नसते. दोन्ही टोकांना चेक नट (पाइपचं टोक बॉक्सला आवळणारे नट) आहेत, पाइप जाणार कुठे, असं फिटर म्हणतात.

माझं मत स्पष्ट आहे, एक सॅडल लागलीच पाहिजे. आपल्याकडे आयएस 732 (वायरिंगचं भारतीय मानक) आणि नॅशनल बिल्डिंग कोड 2016 या दोन्हींत नियम एकच आहे. भिंतीवर बाहेरून लावलेल्या स्टील पाइपच्या दोन सॅडलमधलं अंतर 1 मीटरपेक्षा जास्त नको, आणि कपलर (दोन पाइप जोडणारा तुकडा), बेंड किंवा तत्सम फिटिंगच्या दोन्ही बाजूंना, फिटिंगच्या मध्यापासून 300 मिमीवर सॅडल हवी. तुकडा 450 मिमीचा असेल तर मधोमध लावलेली एकच सॅडल दोन्ही बॉक्सपासून 225 मिमीवर येते. दोन्ही टोकांचं काम एका स्क्रूच्या जोडीत होतं. मग टाळायचं कशासाठी?

पॅनेल_चिंचवड

साहेब, नियमात कपलर आणि बेंड लिहिलंय, बॉक्स लिहिलेला नाही. बॉक्स भिंतीला चार स्क्रूंनी स्वतंत्र बसतो, म्हणून तोच पाइपचा आधार आहे. कपलर हवेत लोंबतो, त्याला आधार लागतो. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत.

वजनाचंही बघा. 25 मिमी, 1.6 मिमी जाडीचा पाइप मीटरला साधारण 0.9 किलो भरतो. 450 मिमी म्हणजे जेमतेम 400 ग्रॅम, वर वायरी.

आणि खरा त्रास सॅडल लावल्याने होतो. बॉक्सच्या नॉकआउटचा (पाइप आत घ्यायच्या भोकाचा) मध्य भिंतीपासून समजा 35 मिमीवर आहे. 6 मिमीच्या स्पेसरवर सॅडल लावली तर पाइपचा मध्य येतो 12.5 अधिक 6, म्हणजे 18.5 मिमीवर. साडेसोळा मिमीचा फरक. एवढ्याशा तुकड्यात पाइप वाकत नाही, मग फिटर स्क्रू आवळून पाइप भिंतीकडे ओढतो. चेक नट तिरका बसतो, बॉक्सची भिंत आत खेचली जाते, दार नीट लागत नाही. मधे आधार नसलेला सरळ पाइप यापेक्षा केव्हाही बरा.

भोसरी_वायरिंग

मापाचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण त्यावर उत्तर सॅडल काढून टाकणं नाही, उंची जुळवणं आहे. 41 बाय 21 मिमीचा स्लॉटेड चॅनेल भिंतीला लावा, वर पाइप क्लॅम्प. 21 अधिक 12.5 म्हणजे 33.5 मिमी. राहिलेल्या दीड मिमीसाठी चॅनेलखाली वॉशर टाका. पाइप आधी दोन्ही बॉक्सांत मोकळा बसवायचा, मग क्लॅम्प हलका लावायचा, मग चेक नट आवळायचे आणि सगळ्यात शेवटी क्लॅम्प. हा क्रम उलटा केला की तुम्ही म्हणता तोच ताण येतो.

वजनासाठी सॅडल मी मागतच नाही. आधी वायर ओढताना पाइपला हिसके बसतात, नंतर पेंटर त्यावर पाय देतो, कुणी त्याला डबा अडकवतो. प्रत्येक हिसक्याचा भार चेक नटवर येतो. तो अर्धा फेरा सैल झाला तरी बाहेरून काही कळत नाही, पण पाइपमधून जाणारी अर्थिंगची सलगता तिथेच तुटते. पावडर कोटिंगच्या बॉक्सवर हे आणखी वाईट, कारण नटाखालचा रंग खरवडला नसेल तर धातूला धातू मुळातच टेकलेला नसतो.

चाकण_प्रोजेक्ट

अमेरिकी कंपनीचा जॉब असेल तर बरेचदा त्यांच्या एनईसीचं (नॅशनल इलेक्ट्रिकल कोड) बंधन असतं, म्हणून तिथलं सांगतो. ईएमटी (पातळ, आटे नसलेल्या स्टील) पाइपला प्रत्येक बॉक्सपासून 3 फुटांच्या आत एक पट्टी, आणि पुढे 10 फुटांपेक्षा जास्त अंतर नाही. तिथे बॉक्स शब्दाने लिहिलेला आहे, वादाला जागा नाही.

2008 च्या आवृत्तीत 18 इंचांपर्यंतच्या तुकड्याला आधाराविना सूट होती, पण अटींवर. मधे कपलर नको, दोन्ही टोकं बॉक्समध्येच संपलेली हवीत, आणि नॉकआउट मोठा किंवा वर्तुळात वर्तुळ असलेला नको. पुढे ही सूट काढून टाकली. त्या अटींतून कमकुवत जागा मात्र नेमकी कळते. वर्तुळात वर्तुळ असलेल्या नॉकआउटची उरलेली कडी दोन-तीन बारीक जोडांवर तगून असते. पाइप हलला की ती मागेपुढे वाकते आणि एक दिवस तुटते. अशा बॉक्सला माझ्या लेखी सॅडलशिवाय पर्याय नाही, पाइप आणि बॉक्स जोडणारी अर्थ वायर, म्हणजे अर्थ जंपरही हवाच.

आणखी एक गफलत बरेच जण करतात. 24 इंचांपर्यंतच्या तुकड्यात 60 टक्के जागा वायरींनी भरायला एनईसी परवानगी देतो. ती सूट भरण्याची आहे, आधाराशी तिचा संबंध नाही.

पॅनेल_चिंचवड

त्या नॉकआउटचं पटलं. तशा बॉक्सला सॅडल लावा, वाद नाही. होल सॉने पाडलेल्या, कड साफ केलेल्या भोकाला मात्र मी अजूनही नको म्हणेन. आणि 150 मिमीच्या खाली तर नाहीच. 25 मिमीच्या सॅडलची पट्टी 19 मिमी रुंद, शेजारी चेक नट, मधे स्क्रू ड्रायव्हर धरायला जागा नाही. तिथे बॉक्स जवळ आणा, छोटी निपल (आट्यांचा आखूड पाइप) टाका, दोन्ही बाजूंना आतून-बाहेरून नट आणि आत वायर कापू नये म्हणून बुश.

तपासणी_पुणे

मी भोसरीकरांच्या बाजूने. नियमातलं "तत्सम फिटिंग" तपासणारा माणूस कसं वाचेल हे साइटवर ठरवता येत नाही, त्यामुळे 200 मिमीच्या पुढे सॅडल लावून मोकळं व्हावं. पीव्हीसी पाइप असेल तर अंतर 1 मीटर नाही, 600 मिमी धरा. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकल बाजारात सॅडल घेताना गेज (पत्र्याची जाडी, आकडा लहान तितका पत्रा जाड) विचारा. 20 आणि 25 मिमीला 20 गेज, 32 आणि त्यापुढे 18 गेज. पातळ पट्टी हाताने वाकते, ती लावून उपयोग नाही.

दोन पक्क्या बॉक्समध्ये आटे पाडलेला पाइप बसवताना एका टोकाला आटे लांब ठेवावे लागतात, पाइप एका बॉक्समध्ये जास्त सारून मग दुसऱ्यात मागे घेता येतो. ते उघडे राहिलेले आटे झिंक पेंटने झाका. पावसाळ्यात शेडमध्येही गंज तिथूनच धरतो.

भोसरी_वायरिंग

पॅनेलकर, 150 च्या खाली छोटी निपल, मान्य. त्याच्या वर भोक कसंही पाडलेलं असो, माझी सॅडल राहील. नट सैल होणं भोकावर अवलंबून नाही.

पॅनेल_चिंचवड

राहू द्या. पण एक बॉक्स भिंतीवर आणि दुसरा पॉवर प्रेसच्या अंगावर असेल तर तिथे तुमची सॅडल आणि माझा सरळ पाइप दोन्ही चुकीचे. प्रत्येक ठोक्याला मशीन हलते, भिंत हलत नाही. तिथे पीव्हीसी आवरणाचा फ्लेक्सिबल पाइप, थोडा झोळ देऊन, आणि आतून वेगळी अर्थ वायर. फ्लेक्सिबलच्या कवचावर अर्थिंग सोडायचं नाही.