सातारा रोडने रोज सायकलवर ऑफिस: ट्रॅक धरू की मेन रोड?

बालाजीनगरकर
नमस्कार मंडळी. पुण्यात बालाजीनगरहून कॅम्पात ऑफिसला जातो, इतकी वर्षं स्कूटर होती, आता ट्रॅफिकमध्ये पाय टेकवत टेकवत जायचा खरंच वैताग आलाय म्हणून गिअरची हायब्रीड सायकल घेतली. सायकल मस्त आहे, अंतरही जमतंय, कात्रजकडून स्वारगेटला जाताना उतार असल्यामुळे सकाळी तर घामही फारसा येत नाही. प्रश्न आहे तो ट्रॅकचा. आपल्याकडे बीआरटीबरोबर (म्हणजे बससाठीची वेगळी लेन) सायकल ट्रॅक केला तेव्हा वाटलं होतं की चला, सायकलवाल्याला स्वतःची जागा मिळाली, पण प्रत्यक्षात काय होतं बघा. प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी ट्रॅक खाली उतरतो नि पुन्हा वर चढतो, मध्येच विजेची डीपी-पेटी, मध्येच पाणीपुरीची गाडी, आणि जिथे लोखंडी खांब लावलेत तिथे दोन खांबांतून माझं हँडल जेमतेम जातं. पण खांब नसले की टू-व्हीलरवाले घुसतात आणि तेही उलट्या दिशेने, कारण यू-टर्न लांब आहे. परवा ट्रॅकवर मागून एका बाईकवाल्याने हॉर्न मारला, मी वळून बघितलं तर म्हणतो बाजूला घे की! सायकल ट्रॅकवर सायकलने बाजूला व्हायचं??
शिवाय सकाळी वॉकला येणारे आजी-आजोबा. त्यांचा राग येत नाही, फुटपाथवर जागाच नसते त्यांना, पण घंटी वाजवली की दचकतात. तर रोज जाणाऱ्यांनी सांगा, ट्रॅक धरायचा का सरळ मेन रोडने जायचं? घरचे मेन रोडला अजिबात तयार नाहीत.

निवांत_पॅडल
मी कात्रजहून बरीच वर्षं जातोय. ट्रॅक की रोड असा एकच निर्णय करू नका, तुकड्या-तुकड्याने ठरवा. एकदा रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्याने पूर्ण रूट करून या आणि ट्रॅक कुठे सलग आहे, कुठे तुटतो ते डोक्यात बसवा. सलग असेल तिथे ट्रॅक, तुटणार असेल तर तुटायच्या बरंच आधी मागे बघून, हात दाखवून रोडवर या. सगळ्यात धोका असतो तो शेवटच्या क्षणी ट्रॅकवरून टुणकन खाली उडी मारण्यात, मागच्या बसवाल्याला तुम्ही आहात हेच माहीत नसतं.
रोडवर असाल तेव्हा अगदी कडेला चिकटून चालवू नका. नवीन माणूस घाबरून गटाराच्या जाळीवरून चालवतो, मग मागचा रिक्षावाला समजतो की जागा आहे आणि दाबतो. पार्क केलेल्या गाड्यांपासून एक मीटर सोडाच, दार कधी उघडेल सांगता येत नाही. आणि सिग्नलला बसच्या डाव्या अंगाला कधीही, म्हणजे कधीही उभं राहायचं नाही. बस डावीकडे वळली की तिचं मागचं चाक आत कापत येतं आणि ड्रायव्हरला त्या कोपऱ्यातलं काही दिसत नाही. एकतर पूर्ण पुढे, नाहीतर बसच्या मागे.
शंकर महाराज मठाजवळच्या उड्डाणपुलावर चढू नका, खालून जा. बीआरटीच्या लेनमध्ये तर चुकूनही नको, मोकळी दिसते म्हणून काही जण घुसतात, पण मागून पीएमपीची बस आली की पळायला दोन्ही बाजूंना जागा नसते.
स्वारगेटचा जेधे चौक मी टाळतो. सिटी प्राइड थिएटरच्या पुढे उजवीकडे मुकुंदनगरच्या आतल्या रस्त्यांनी सॅलिसबरी पार्क, तिथून गोळीबार मैदान, की आलंच कॅम्प. थोडं लांब पडतं, पण झाडं आहेत, ट्रॅफिक हळू आहे.

रेनकोटवाली
वरचं सगळं पटलं, पण ट्रॅक सोडून द्या असा सूर कोणी लावू नका प्लीज. मी पद्मावतीहून जाते, संध्याकाळी अंधार पडल्यावर मेन रोडला जे टेम्पो नि पाण्याचे टँकर सुटतात त्यांच्यापुढे मला तो उंचसखल ट्रॅक परवडतो. आपण ट्रॅक वापरला नाही की उद्या तिथे पार्किंग होणार आणि वर म्हणणार, बघा, सायकली कुठे येतात?
वॉकवाल्यांबद्दल: घंटी लांबून वाजवायची, अगदी पाठीमागे जाऊन नाही. जवळ गेल्यावर मी घंटी वाजवतच नाही, वेग पार कमी करते आणि तोंडाने म्हणते “काका, उजवीकडून जाते हं”. माणसाचा आवाज आला की माणूस दचकत नाही. रोजचे असतील तर आठवड्याभरात ओळख होते, एक काकू तर आता लांबूनच आपल्या मैत्रिणीला ओढून कडेला घेतात. लहान मूल किंवा कुत्रा असेल तर सरळ पाय टेकायचा, दोघंही कुठे पळतील नेम नाही. ट्रॅकवर माझ्यापेक्षा कमी वेगाचा जो असेल त्याची काळजी मी घ्यायची, हे मला योग्य वाटतं. हीच अपेक्षा आपण मोटारवाल्यांकडून करतोच ना.
आणि मागचा लाल लाइट दिवसासुद्धा चालू ठेवा. पुढचा पांढरा लाइट खाली झुकवा, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर नको.

बालाजीनगरकर
मुकुंदनगरचा रूट भारी वाटतोय, रविवारी बघतो. पण ट्रॅकवर बाईक आली तर करायचं काय? वाद घालावा का? कायद्यात काही आहे का?

निवांत_पॅडल
आहे. २०१७ च्या मोटार वाहन ड्रायव्हिंगच्या नियमांत फुटपाथवर किंवा सायकल ट्रॅकवर गाडी चालवायला मनाई आहे, गणवेशातल्या पोलिसाने सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. आणि २०१९ मध्ये कायदा बदलल्यापासून असे ड्रायव्हिंगचे नियम मोडले तर ५०० ते १००० रुपये दंड आहे. पण रस्त्यात वाद घालू नका. तुम्ही सायकलवर, तो बाईकवर, डोकं फिरलेलं कोणाचं किती असेल काय माहीत. थांबा, जाऊ द्या. नंबर दिसेल असा फोटो आणि जागा ट्रॅफिक पोलिसांकडे ऑनलाइन टाका. एकट्याच्या तक्रारीने काही हलत नाही पण एकाच जागेच्या तक्रारी वारंवार गेल्या की हलतं, आमच्या इथे एका गेटसमोर चार-पाच जणांनी लावून धरलं तेव्हा कुठे खांब बसले.

आयंडहोवनहून
पुण्याचाच आहे, सध्या नेदरलँड्समध्ये. इथलं बघून लोकांना वाटतं की हे पहिल्यापासून असंच होतं. तसं नाहीये. १९७० च्या आसपास इथेही मोटारींनी शहरं भरली होती, अपघातात लहान मुलं जात होती, तेव्हा आई-बाप रस्त्यावर उतरले आणि त्यानंतर हे लाल डांबराचे ट्रॅक हळूहळू झाले.
पण मुद्द्याचं सांगतो. ट्रॅकवर टू-व्हीलर ही भानगड इथेही होती! १९९९ च्या डिसेंबरपर्यंत शहरांत मोपेड सायकल ट्रॅकवरूनच चालायच्या, मग त्यांना रस्त्यावर काढलं. तरी निळ्या नंबरप्लेटच्या छोट्या स्कूटर राहिल्याच, त्यांना २५ च्या स्पीडची मर्यादा, पण पाळतो कोण. शेवटी ॲमस्टरडॅमने एप्रिल २०१९ पासून रिंगरोडच्या आतल्या बहुतेक भागात त्यांनाही ट्रॅकबंदी केली, हेल्मेट घाला आणि रस्त्यावरून जा म्हणाले. म्हणजे सायकलींसाठी जग ज्यांच्याकडे बघतं त्यांनाही हे एका झटक्यात जमलं नाही, भांडून भांडूनच झालं. त्यामुळे आपल्याकडे होणारच नाही असं म्हणू नका.
अजून एक बघण्यासारखं. इथे छोटा रस्ता ट्रॅकला छेदतो तिथे बऱ्याच ठिकाणी ट्रॅक तसाच सपाट सलग जातो आणि गाडीला चढून ओलांडावं लागतं. आपल्याकडे बरोबर उलटं, गेट आलं की सायकलने खाली उतरायचं. हे दुरुस्त करायला फार मोठी योजना लागत नाही, रस्ता पुन्हा करताना लेव्हल राखली तरी झालं.

जुना_पर्वतीकर
माझं वय आता ७० च्या पुढे. आम्ही तरुण होतो तेव्हा पुणं सायकलींचंच होतं. कारखान्याची पाळी सुटली की रस्ताभर सायकलीच सायकली, कॉलेजच्या स्टँडवर आपली सायकल शोधायची तर सीटचं कव्हर आठवावं लागे. ट्रॅक वगैरे काही नव्हतं आणि लागतही नव्हतं, कारण रस्त्यावर बहुतेक सगळे एकाच वेगाचे. आणि शिस्त होती, डबलसीट दिसलं किंवा रात्री दिवा नसला तर पोलीस अडवायचा, हवा सोडायचा, मग चालत घर.
म्हणून मला वाटतं, मुकुंदनगरसारखे आतले रस्तेच सायकलला खरे. मेन रोडला ट्रॅक हवाच, पण आतल्या रस्त्यांवर गाड्यांचा वेग खाली आणला तर तिथे ट्रॅक बांधायचीही गरज नाही.

रेनकोटवाली
आजोबा, हे शंभर टक्के पटलं. फक्त आतल्या रस्त्यांवर आता डिलिव्हरीवाली मुलं बॅटरीच्या गाड्या सुसाट नेतात. त्यातल्या २५० वॉटच्या आतल्या, २५ च्या वर न पळणाऱ्या गाड्यांना लायसन्स-नंबरप्लेट लागत नाही, त्यामुळे त्या ट्रॅकवरही येतात. मी तरी त्यांच्यावर ओरडत नाही, घड्याळ त्यांच्या मानगुटीवर बसलेलं असतं. ओव्हरटेक करू देते आणि पुढच्या सिग्नलला भेटला तर सांगते, भाऊ, वळणावर जरा हळू.

बालाजीनगरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलंय, सकाळी पद्मावतीपर्यंत ट्रॅक, मग रोड, सिटी प्राइडनंतर मुकुंदनगर. संध्याकाळी चढ आहे आणि अंधार, तेव्हा रेनकोटवाली ताईंचं ऐकून जमेल तितका ट्रॅक. बायकोला हा धागा वाचायला दिला, ती आता निम्मी तयार आहे. एकच शेवटचं, पावसाळ्यात टायर कुठले? आत्ता २८ मिमी रुंदीचे आहेत.

निवांत_पॅडल
२८ नको, फ्रेममध्ये बसत असतील तर ३५ किंवा ३८ घाला. त्या गटाराच्या जाळीचे गज काही ठिकाणी रस्त्याच्या दिशेनेच आहेत, बारीक चाक सरळ आत जातं. हवा थोडी कमी ठेवा, ओल्या पेव्हर ब्लॉकवर ब्रेक दाबून वळू नका, आधी वेग कमी करा मग वळा. रिमचे ब्रेक असतील तर पावसात लवकर झिजतात आणि ओली रिम लगेच पकडत नाही, जूनच्या आधी पॅड बदलून घ्या. मडगार्ड पुढे-मागे दोन्ही, मागच्याला लांब फ्लॅप लावा म्हणजे तुमच्या मागच्या सायकलवाल्याच्या तोंडावर चिखल उडणार नाही. रविवारी साडेसहाला सिटी प्राइडपाशी येत असाल तर मी येतो, मुकुंदनगरातून कुठे वळायचं ते दाखवतो.