ब्लूबेरी मफिन हिरवे पडतात, बेऱ्या तळाला बसतात – मदत हवी आहे

काल तिसऱ्यांदा ब्लूबेरी मफिन केले आणि तिसऱ्यांदा तेच झालं. मफिन मधोमध कापला की प्रत्येक बेरीभोवती शेवाळल्यासारखं हिरवट-निळं कडं. चवीला वाईट नाहीत, पण लेकीने "आई, याला बुरशी आलीय" म्हणत ताटली सरकवली. तिला काय बोलणार, पहिल्या वेळी मलाही तेच वाटलं होतं.

माझं प्रमाण: मैदा २५० ग्रॅम, साखर १५०, लोणी १००, २ अंडी, दूध २५० मिली, बेकिंग सोडा सपाट १ चमचा. बेऱ्या फ्रीजरमधल्या, बाहेर काढून पूर्ण वितळवून घेतलेल्या. ओव्हन १८० अंशांवर, २५ मिनिटं. बेऱ्या मैद्यात घोळवूनही पाहिल्या, तरी सगळ्या तळाशी जाऊन कागदाला चिकटतात.

दुसरं म्हणजे, वरून सुक्या क्रॅनबेरी आणि जर्दाळूचे तुकडे पेरले होते. त्यांचे अक्षरशः खडे झाले.

आणि जाता जाता: खजूर-ओट्सचे बार कापताना भुगा होतो. त्याचंही कोणी सांगितलं तर बरं होईल.

प्रतिसाद १
बुरशी नाही हो, सोडा आहे! बेरीचा जांभळा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा. तो आंबटात लाल होतो आणि अल्कलीत, म्हणजे सोड्यासारख्या पदार्थात, निळा-हिरवा. घरीच बघा: एक बेरी दोन वाट्यांत चिरडा, एकीत लिंबू पिळा, दुसरीत चिमूटभर सोडा टाका. तुमच्या मिश्रणात आंबट असं काहीच नाही, मग एवढ्या सोड्याने करायचं काय? दुधाऐवजी २०० मिली घट्ट दही घ्या, सोडा फक्त पाव चमचा आणि बेकिंग पावडर २ चमचे. दह्याने मिश्रणही दाट होईल, म्हणजे तळाला बसण्याचा प्रश्नही बराचसा सुटेल. पातळ मिश्रणात बेरी मैद्यात घोळवा नाहीतर रेशमात गुंडाळा, ती बुडणारच.
(सूर्यफुलाच्या बियाही सोड्याने हिरव्या पडतात. तिथे भानगड क्लोरोजेनिक आम्लाची. खायला दोन्ही निर्धास्त.)

प्रतिसाद २
बेऱ्या वितळवू नका! गोठताना पेशी फुटलेल्या असतात, त्यामुळे वितळल्या की सगळा रस बाहेर येतो आणि पीठ रंगतं. गोठलेल्याच, अगदी शेवटी घाला आणि दोन-तीन हातांत हलकेच कालवा. बेकिंगला ४-५ मिनिटं जास्त लागतील. साच्यात आधी एक चमचा बिनबेरीचं मिश्रण घालायचं, मग बाकीचं. थोड्या बेऱ्या वर ठेवा, दिसायलाही छान.

सुक्या फळांचं सोपं आहे. गरम पाण्यात १५-२० मिनिटं भिजवा, निथळून पुसून घ्या आणि आत घाला, वर नको. कोरडी घातली तर आतलाच ओलावा ओढून घेतात, आणि वर ठेवली तर त्यांच्यातली साखर आधी करपते. जर्दाळू तपकिरी निघाले तर घाबरू नका, ते गंधकाच्या धुरीविना वाळवलेले. केशरी रंग गंधकामुळे टिकतो.

धागाकर्ती
दोघांचे आभार. वाट्यांचा प्रयोग आधी केला. लिंबाच्या वाटीत छान गुलाबी झालं, सोड्याच्या वाटीत आमच्या मफिनचा रंग हजर! लेक पाच मिनिटं त्यातच रमली.

मग दही घालून केले. हिरवं गेलं, बेऱ्यांच्या भोवती आता जांभळट डाग आहेत. दोन-तीन बेऱ्या अजून तळाशी सापडल्या, पण माझ्याकडून मिश्रण जरा सैलच झालं होतं. लेकीने दोन खाल्ले, तिसरा डब्यात लपवलेला सापडला.

खजुराच्या बारबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. भुगा दह्यावर घालून संपवतेय.