टिन सोडून लोखंड का?
एकाने विचारलंय की धातू आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड (एचसीएल) वापरून नायट्रोबेंझिनचं अ‍ॅनिलिन करताना, म्हणजे नायट्रो गटाचा (NO2) अमाईन गट (NH2) करताना, पुस्तकात टिनपेक्षा लोखंड बरं असं का लिहितात. स्वस्त तर आहेच, आमच्या सांगलीत कुपवाड एमआयडीसीत लेथखाली लोखंडाच्या चुऱ्याचा ढीग पडलेला असतो :) पण खरी गंमत अ‍ॅसिडची, लोखंडापासून तयार झालेलं फेरस क्लोराईड पाण्याबरोबर हायड्रोलाईज होतं (पाण्याने फुटतं) आणि एचसीएल परत सुटतं, म्हणून सुरुवातीला अ‍ॅसिड थोडंसंच घातलं तरी भागतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बेशांपची ही पद्धत १८५४ची आहे बघा. बीएस्सीला आम्ही टिन वापरायचो, मग कॉस्टिक सोडा ओतत बसायचं अमाईन मोकळं होईपर्यंत, नुसता वैताग. आणि लिथियम अ‍ॅल्युमिनियम हायड्राईड इथं नको हां, अ‍ॅनिलिनऐवजी अ‍ॅझो कंपाऊंड (दोन रिंगा N=N ने जोडलेलं) हातात येतं. डायनायट्रो कंपाऊंडमधल्या दोन नायट्रो गटांपैकी एकच बदलायचा असेल तर सोडियम सल्फाईड.